यॉर्कशायरात जिन गाळून आलो (आईची तिरफळं घालून!)

बोरकूट
मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. मागे कुणाच्यातरी चहाच्या धाग्यावर मी सहज लिहून गेलो होतो की आमच्या इथे लीड्सपासून पाऊण तासावर एक छोटी डिस्टिलरी आहे आणि तिथे आपली आपण जिन करून घरी आणता येते, त्यावर चार-पाच जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की सविस्तर लिहा, तर हे घ्या सविस्तर. हल्ली इथे गावोगाव अशा डिस्टिलऱ्या झाल्यात त्यामुळे ही कुठली ते विचारू नका, थोड्याफार फरकाने सगळीकडे हाच प्रकार असतो.

तर झालं असं की ऑक्टोबर २०२४ मध्ये माझी चाळिशी झाली आणि बायकोने ११० पौंडांचं व्हाउचर हातात ठेवलं. म्हटलं एवढ्यात तर चार चांगल्या बाटल्या आल्या असत्या, पण वाढदिवसाच्या दिवशी असं बोलायचं नसतं एवढी अक्कल चाळिशीपर्यंत आलीये.

जागा म्हणजे जुन्या लोकरीच्या गिरणीचा एक कोपरा. आत शिरल्या शिरल्या समोर तांब्याचं मोठं भांडं, ३०० लिटरचं, त्याला मालकांच्या आजीचं नाव दिलंय (इथे स्टिलला, म्हणजे गाळायच्या भांड्याला, बाईचं नाव द्यायची पद्धतच आहे). आणि टेबलांवर आमच्यासाठी मांडलेली पिटुकली तांब्याची भांडी, वर मान, मानेला वाकडी नळी, नळीला थंड पाण्याचं वेटोळं. कुडाळला आजोळी न्हाणीघराबाहेर जो बंब होता ना, त्याचं पिल्लू वाटलं मला. बायकोला म्हटलंही तसं, तर ती म्हणाली राख काढायला तूच बस.

आम्ही आठ जण होतो. शिकवणारी बाई आधी फार्मासिस्ट होती म्हणे. हातात सगळ्यांना एकेक जिन-टॉनिक दिलं आणि पहिलाच धक्का दिला की इथे आम्ही अल्कोहोल बनवतच नाही! धान्यापासून केलेलं ९६ टक्क्यांचं न्यूट्रल स्पिरिट मोठ्या कारखान्यातून पिंपांत येतं. त्याला ना वास ना चव. त्यात पाणी घालून ते ५० टक्क्यांवर आणायचं, मसाला टाकायचा आणि पुन्हा गाळायचं, की झाली जिन. आता मी तर मनात मोहाची फुलं, गूळ, नवसागर, रात्रीची भट्टी असलं काहीबाही रंगवून गेलो होतो. म्हटलं बाई गं, मग आम्ही करायचं काय? तर म्हणाली, मसाला.

आणि मग ती आम्हाला भिंतीपाशी घेऊन गेली. भिंतभर बरण्या, साठेक तरी असतील. मंडळी, खरं सांगतो, तिथे मला एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं. धणे, वेलदोडे, जायपत्री, ज्येष्ठमध, बडीशेप, बाद्यान, जाड दालचिनी, मिरी, सुंठ, संत्र्याची वाळकी सालं. बाकीची गोरी मंडळी वेलदोडा नाकाशी धरून डोळे मिटून ओह ओह करत होती आणि मी आपला ताटात वाढलेलं ओळखावं तसा एकेक ओळखत चाललो होतो. कंकोळ पण होतं! आमच्याकडे ते विड्यासाठी आणि औषधाला असायचं, इथे ते जिनमध्ये जातं. धणे तर जिनमध्ये ज्युनिपरच्या खालोखाल महत्त्वाचे, आणि ते न भाजता चुरडले की लिंबासारखा वास येतो हे मला चाळीस वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. आपण भाजून टाकतो ना आधी, मग कुठला लिंबू.

न ओळखता आलेल्या दोन-तीनच होत्या. एक ज्युनिपर स्वतः, म्हणजे काळपट निळी वाटाण्याएवढी फळं, चिरडली की पाइनच्या झाडाचा आणि किंचित टर्पेंटाइनसारखा वास. दुसरी अँजेलिकाची मुळी, पहिल्या पावसानंतरच्या वाडीसारखी. तिसरी ऑरिस, म्हणजे आयरिस फुलाच्या झाडाची मुळी, ती काढून दोन-तीन वर्षं वाळवत ठेवतात तेव्हा कुठे वास धरते, आणि वास कसला तर लहान बाळाच्या पावडरचा. स्वतःची चव फारशी नाही पण म्हणे बाकीचे वास धरून ठेवते. हिंगाचं काम म्हणा हवं तर, अर्धा ग्रॅम पुरे.

नियम एकच, ज्युनिपरची चव सगळ्यांच्या पुढे दिसली पाहिजे, नाहीतर कायद्याने त्याला जिन म्हणता येत नाही. आणि बाटलीत कमीत कमी ३७.५ टक्के हवी. बाकी तुमचा हात मोकळा.

आता माझी कृती, ७०० मिली स्पिरिटला (५० टक्के केलेल्या):
ज्युनिपर १४ ग्रॅम, धणे ६, संत्र्याचं साल २, अँजेलिका १, जाड दालचिनी १, कंकोळ अर्धा, ऑरिस अर्धा.
आणि तिरफळं ३ ग्रॅम.

हो, खिशातून नेली होती. कोकणात माशांच्या कालवणात घालतात तो मसाला, आईने मे महिन्यात दिलेली, बांगड्यासाठी. बाईंना विचारलं चालेल का, तर त्यांनी डबी उघडून वास घेतला, एक टरफल दाताखाली धरलं, आणि अर्ध्या मिनिटाने जीभ बाहेर काढून हसायलाच लागल्या, म्हणे जीभ झोपली. (आतली काळी बी काढून टाकायची, नुसतं टरफल वापरायचं, हे त्यांना मी शिकवलं. तेवढाच आपला मान.) त्या म्हणाल्या एक ग्रॅम घाल, गाळल्यावर वास किती वाढेल सांगता येत नाही. मी तीन घातले. अंगात खाज असते एकेकाच्या.

मग भांडं तापायला लावलं. वीस-पंचवीस मिनिटं काही नाही, आणि मग नळीच्या टोकाला पहिला थेंब. सगळे आठही जण गप्प. पहिले साधारण १० मिली टाकून द्यायचे, ते हेड्स, म्हणजे डोकं. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा भपका येतो. त्यानंतरचं ते हार्ट, ठेवायचं. दर दोन-तीन मिनिटांनी थेंबभर तळहातावर घ्यायचा, चोळायचा आणि हुंगायचा. आधी संत्र्याचं साल आणि धणे, मग ज्युनिपर जोरात, मग हळूहळू दालचिनी-कंकोळ वर येतात, मुळ्या सगळ्यात शेवटी. आणि मग एकदम कधीतरी ओल्या पुठ्ठ्याचा, शिळ्या पेजेचा वास यायला लागतो, ती शेपूट, तिथे थांबायचं. माझं थांबायला जरा उशीरच झाला असं आता वाटतं, कारण तिरफळाचा वास शेवटपर्यंत येतच राहिला आणि मला वाटलं अजून चांगलंच येतंय.

३९० मिली निघालं, ७५ टक्क्यांच्या आसपास. त्यात थोडं थोडं करत पाणी घालून ४२ वर आणलं, ७०० मिलीची बाटली भरली, बूच, वर मेण, लेबलवर हाताने नाव लिहायचं. मी लिहिलं 'बंब'. कृती त्यांच्या वहीत नंबर टाकून ठेवली, पुन्हा हवी असली तर तो नंबर सांगून मागवता येते.

दोन आठवडे उघडू नका असं सांगितलं होतं, वास बसायला वेळ लागतो. आम्ही नऊ दिवसांनी उघडली. पहिला घोट झकास, संत्रं, मग पाइन, मग... ओठ गेले. म्हणजे आहेत पण कळत नाहीयेत. बायको म्हणाली दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखं वाटतंय, बिल तेवढं कमी आलं.

प्रश्न असतील तर विचारा.

सदा_उपाशी
फोटो कुठायत? फोटोशिवाय फाऊल धरण्यात येईल.

खडूस_आत्या
मी पीत नाही तरी पूर्ण वाचलं. आता हिशोब सांगते. ११० पौंड देऊन तुम्ही पाऊण तास गाडी हाकत गेलात आणि धणे-दालचिनी वजन करून आलात. आमच्या लालबागला डंकावर या, एप्रिलमध्ये दिवसभर उभं राहून मसाला कुटून घ्या, नाकातोंडातून पाणी येईल, पैसे पण फारसे नाही लागणार. आणि तीन ग्रॅम तिरफळ! बांगड्याच्या अख्ख्या कालवणाला पाच-सहा घालतो आपण, ती पण ठेचून आणि शेवटी. आई ओरडली नाही?

बोरकूट
आत्याबाई, आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतंय मी इथे नियमाने मासे करून खातो.
@सदा_उपाशी, फोटो मोबाईल बदलल्यात गेले, बाटलीचा टाकतो संध्याकाळी.

उगाच_विचारतो
लेख मस्त. पण मला एक कळलं नाही, दारू दुसऱ्याने केलेली, भांडं दुसऱ्याचं, तुम्ही फक्त मसाला घातला, तर याला 'स्वतःची जिन' म्हणायचं का? उद्या मी विकतच्या श्रीखंडात केशर घालून म्हणेन माझं श्रीखंड.

चिंचगुळ
@उगाच_विचारतो, बरोबर जागी बोट ठेवलंत पण जिनच्या बाबतीत हे लागू होत नाही. मोठमोठे ब्रँडसुद्धा बहुतेक तयार न्यूट्रल स्पिरिटच घेतात, स्वतः धान्य आंबवणारे फार थोडे. कारण जिनची जी काही ओळख आहे ती त्या मसाल्यातच आहे. व्हिस्कीत धान्य आणि पिंप बोलतं, फेणीत काजूबोंड बोलतं, जिनमध्ये स्पिरिट मुकं असावं लागतं. टँकरे जिन बघा, १८३० पासूनची म्हणवते आणि त्यात चारच गोष्टी, ज्युनिपर, धणे, अँजेलिका, ज्येष्ठमध. चारच. पण प्रमाण त्यांचं. तुमच्या आमच्या आयांच्या गोड्या मसाल्यात पण जिन्नस तेच असतात की, तरी शेजारणीचा आपल्यासारखा होतो का?

उगाच_विचारतो
गोड्या मसाल्याचं उदाहरण दिलंत की माणूस गप्प बसतो. मान्य.

पणजीकर
बोरकूट, शाबास रे. पण मला गंमत दुसरीच वाटली. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे केवढं कौतुक, आणि हे लोक पहिली धार मोरीत ओततात.

आमच्या काजूच्या भट्टीत पहिल्यांदा गाळलं की येतो तो उर्राक, हलका, मार्च ते मे तेवढाच मिळतो, लिमका आणि मीठ-मिरची घालून प्यायचा आणि दुपारी झोपायचं. तोच पुन्हा ताज्या रसाबरोबर गाळला की फेणी. २००९ मध्ये काजूच्या फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. आता तुझ्या मसाल्यावरून आठवलं, आमच्याकडे दुक्शिरी म्हणून फेणीचा प्रकार असतो, अनंतमुळाची मुळी घातलेली. थोडी औषधी लागते, थोडी रूट-बिअरसारखी. म्हणजे दारूत मुळ्या घालायचं काम गोऱ्यांनी आपल्याला शिकवलं असं कोणी समजू नये.

आणि जिन म्हणशील तर आता गोव्यात पण जोरात आहे. २०१७ मध्ये ग्रेटर दॅन आली, मग त्यांचीच हपुसा, ती हिमालयातल्या ज्युनिपरची, नाव पण त्यावरूनच, आयुर्वेदात ज्युनिपरला हपुषा म्हणतात ना. स्ट्रेंजर अँड सन्स पण इथलीच. पूर्वी जिन म्हणजे लिंबू पिळून नाक दाबून प्यायची गोष्ट होती. तिरफळाची जिन मात्र अजून कोणी काढलेली माझ्या पाहण्यात नाही. येशील तेव्हा घेऊन ये, फेणीची बाटली देतो बदल्यात.

नवशिकी_पुणे
खूप छान लिहिलंय! एक बाळबोध प्रश्न, हे घरी करता येईल का? म्हणजे कुकरच्या शिट्टीला नळी लावून वगैरे? यूट्यूबवर एका माणसाने केलेलं बघितलं. व्होडका आणून त्यात ज्युनिपर वगैरे टाकून कुकरमध्ये. मिथेनॉलची (ते विषारी अल्कोहोल) भीती असते म्हणतात ती खरी का?

रसायनवाला
@नवशिकी_पुणे, नाही. नाही. आणि नाही. जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

एक, कायदा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, त्याखाली परवान्याशिवाय दारू गाळणं सरळ गुन्हा आहे, एक पेला असो की पिंप. आपल्याकडे तर प्यायला पण परवाना लागतो कागदोपत्री, दुकानदार तो देतो आणि आपण खिशात कोंबतो ते वेगळं. ब्रिटनमध्येसुद्धा घरी गाळायला परवाना लागतोच, बोरकूट जिथे गेले तिथे परवाना डिस्टिलरीचा आहे म्हणून ते टेबलावर बसू शकले. तिथे पूर्वी १८०० लिटरच्या खालच्या भांड्याला परवाना नाकारायचे, सिपस्मिथ या जिनवाल्यांनी भांडून २००९ मध्ये लंडनमध्ये छोट्या भांड्याला परवाना मिळवला आणि त्यानंतर ही गल्लीबोळातली जिन सुरू झाली.

दोन, आग. गरम अल्कोहोलची वाफ, बाजूला गॅसची शेगडी, सैल बसलेली नळी. मी केमिकल प्लांटमध्ये बावीस वर्षं काढलीत, मला हे वाचूनच घाम फुटला.

तीन, मिथेनॉल. इथे लोकांचा मोठा गैरसमज असतो. मिथेनॉल ६५ अंशांच्या जरा खाली उकळतं आणि इथेनॉल, म्हणजे आपलं प्यायचं अल्कोहोल, ७८ ला, म्हणून लोकांना वाटतं की आधी मिथेनॉल निघून जातं आणि मग शुद्ध माल येतो. साध्या भांड्यात असं सरळ वेगळं होत नाही, ते थोडं थोडं शेवटपर्यंत येतच राहतं. बोरकूट यांच्या जिनमध्ये धोका नव्हता कारण स्पिरिटच आधीपासून शुद्ध होतं, त्यात मिथेनॉल नावालाच. ते १० मिली टाकले ते उग्र हलके घटक आणि नळीत आधीच्या माणसाचं राहिलेलं काही असेल ते जावं म्हणून. आणि २०१५ मध्ये मालवणीला, मालाडच्या, शंभरावर माणसं गेली ती काही हातभट्टीवाल्याने पहिली धार टाकली नाही म्हणून नव्हेत. कारखान्यासाठीचं मिथेनॉलच दारू म्हणून विकलं गेलं होतं. पहिली धार टाका नाहीतर दहावी टाका, त्याने काही झालं नसतं.

चार, पर्याय आहे. विकतची व्होडका घ्या, काचेच्या बरणीत घाला, ठेचलेलं ज्युनिपर, धणे, सालं टाका, एक-दोन दिवस ठेवा, चव बघत राहा, गाळण्याने गाळा. याला कंपाउंड जिन म्हणतात. रंग पिवळसर येईल, वास जरा राकट, पण जिनच आहे ती. भट्टी नाही, आग नाही. लवंग, दालचिनी मात्र तासाभरात काढा, नाहीतर खोकल्याचं औषध होतं.

नवशिकी_पुणे
बाप रे, धन्यवाद. कुकर कुकरच राहील.

गोकर्ण_बाल्कनी
+१ रसायनवाला. मी लॉकडाऊनमध्ये असं बरणीत केलं होतं आणि त्यात गॅलरीतल्या वेलाची गोकर्णाची फुलं टाकली, दहा-बारा. रात्रीत शाईसारखी निळी झाली. आणि टॉनिक ओतलं की समोरासमोर जांभळी-गुलाबी! सासूबाईंनी विचारलं हे काय, म्हटलं गोकर्णाचं सरबत. त्यांनी पण घेतलं थोडं. पुढचं विचारू नका.
(टॉनिकमध्ये सायट्रिक आम्ल असतं त्याने रंग बदलतो, लिंबानेही होतं. निळी जिन विकतात ना महागडी, त्यातल्या बऱ्याच जणांची जादू हीच.)

खडूस_आत्या
@गोकर्ण_बाल्कनी, मी त्या सासूबाईंच्या बाजूने आहे.

हँपशायरची_मामी
वाचतेय, मजा येतेय. मी लॅव्हरस्टोक मिलला जाऊन आले आहे, बॉम्बे सफायर जिनची डिस्टिलरी. तिथे बोरकूट यांच्यासारखं स्वतः गाळत नाहीत, आम्ही घेतली ती टूर म्हणजे बघायचं, हुंगायचं आणि शेवटी कॉकटेल. पण जागा मात्र बघण्यासारखी. जुनी कागदाची गिरणी, १७२४ पासून बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांचा कागद करणाऱ्यांची, आणि ब्रिटिश अमदानीतल्या आपल्या नोटांचा कागदसुद्धा तिथे झालेला. २०१४ मध्ये डिस्टिलरी लोकांना खुली केली. नदीच्या पात्रावर दोन मोठी काचेची घरं आहेत वळणदार, आत मसाल्यांची झाडं लावलीत, गाळताना जी उष्णता फुकट जाते तिच्यावर ती घरं गरम ठेवतात.

त्यांचे दहा मसाले, त्यात कंकोळ आहे बरं का! आणि ते मसाला स्पिरिटमध्ये उकळत नाहीत, वरती जाळीच्या टोपलीत ठेवतात आणि वाफ त्यातून जाते. आपण मोदक वाफवतो तसं म्हटलं तर तिथल्या मुलाला काही कळलं नाही.

मी त्याला विचारलं, बॉम्बेचा आणि याचा संबंध काय? तर म्हणे राजवटीच्या काळातल्या आठवणीसाठी नाव. मुंबईत कधी एक थेंब गाळला नाही आणि बाटलीवर राणी व्हिक्टोरिया. मी आपली परळची, काय बोलणार. दोन बाटल्या घेऊन आले.

दुपारची_झोप
जिन-टॉनिक हिंदुस्थानातच जन्मलं ना पण? मलेरियासाठी क्विनाइन, कडू लागतं म्हणून गोरे शिपाई त्यात जिन घालायचे.

चिंचगुळ
@दुपारची_झोप, ही गोष्ट सगळे सांगतात, थोडी खरी आहे. सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन वेगळं काढलं ते फ्रान्समध्ये १८२० मध्ये. मग इंग्रजांनी १८६० च्या दशकात निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे सिंकोनाच्या बागा लावल्या, आणि श्वेप्स कंपनीचं इंडियन क्विनाइन टॉनिक १८७० चं. म्हणजे टॉनिक आपल्या नावावर खपलं हे नक्की. पण औषधाचा डोस आणि क्लबातला पेला या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आजच्या टॉनिकमध्ये तर क्विनाइन इतकं थोडं असतं की डासाला कळणारसुद्धा नाही.

बाकी इंग्रजांनी जिनपायी काय काय भोगलं ते पण वाचण्यासारखं आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये गरीब वस्त्यांत इतकी स्वस्त झाली होती की १७३६ मध्ये जबर कर लावला, लोकांनी चोरून विकायला सुरुवात केली, शेवटी १७५१ च्या कायद्यानंतर जरा आवरलं. आज तीच जिन ४०-४० पौंडांना, बाटलीला मेण लावून.

हिशेबनीस
बोरकूटसाहेब, जित्याची खोड. तुमच्या बाटलीत ७०० मिलीच्या ४२ टक्के म्हणजे २९४ मिली निव्वळ अल्कोहोल. तेव्हाचा तिकडचा अबकारी दर लिटरमागे ३१.६४ पौंड, म्हणजे ९ पौंड ३० पेन्स नुसती ड्यूटी, वर व्हॅट वेगळा. तुम्ही ११० पौंड दिलेत त्यातले एवढे राजाला. मसाला सगळा मिळून पौंडभराचाही नसेल, आणि तिरफळं तर आईची.

दुसरं, ३९० मध्ये ३१० मिली पाणी घातलं की ७०० व्हायला हवं असं वाटेल पण होत नाही, जरा कमी भरतं. अल्कोहोल आणि पाणी मिसळलं की आकसतं. तुम्हाला ३१० च्या वर पाणी लागलं असणार.

बोरकूट
@हिशेबनीस, अगदी! बाईंनी शेवटी आणखी चमचाभर-दोन चमचे घातलं होतं आणि मला वाटलं अंदाज चुकला त्यांचा. तुम्हाला घेऊनच जायला हवं होतं.

आता एक माझाच प्रश्न रसायनवाल्यांना. बाटली भरली तेव्हा काचेसारखी स्वच्छ होती, टॉनिक किंवा बर्फ घातला की धुरकट होते, दह्याच्या निवळीसारखी. बिघडली का?

रसायनवाला
बिघडली नाही. ज्युनिपर, सालं आणि तुमची ती तिरफळं, सगळ्यांत तेल असतं. ७५ टक्क्यांत ते गुमान विरघळून राहतं, अल्कोहोल खाली आलं की तेलाला राहायला जागा उरत नाही, बारीक थेंब होऊन बाहेर पडतं आणि ढग दिसतो. थंड केलं की जास्त. बडीशेप-बाद्यान घातलेल्या दारूत तर हे मुद्दाम करतात. तुमच्या बाबतीत तिरफळं तीन ग्रॅम आणि शेपटीकडे उशिरा थांबणं, दोन्ही कारणं असणार. पुढच्या वेळी ४५ टक्क्यांवर भरा, बाटलीत तरी स्वच्छ राहील. पेल्यात होईलच ढग, होऊ दे.

आणि एक गंमत. तुम्ही सगळं एकदम गाळलंत, नंतर साखर, रंग, वास काहीच घातलं नाहीत, नुसतं पाणी. लंडन ड्राय म्हणून जिनचा प्रकार आहे, तसं म्हणायला पद्धत हीच लागते, लंडनशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हा ज्युनिपर पुढे दिसत असेल तर तुमची तिरफळी जिन नियमाने लंडन ड्राय आहे.

बोरकूट
हाहाहा, कुडाळची तिरफळं, यॉर्कशायरचं पाणी आणि लंडन ड्राय. ज्युनिपर पुढे दिसतं का हाच वादाचा मुद्दा आहे.

सदा_उपाशी
ते सगळं ठीक आहे, फोटो?

पणजीकर
सदा, त्याचे ओठ अजून बधिर आहेत, दम धर.

लेकुरवाळी
थोडं वेगळं विचारते. नवऱ्याला न्यायचा विचार आहे पण मी सध्या घेत नाही (बाळ अंगावर पितंय). मी नुसती बसले तर कंटाळा येईल का? आणि गाडी कोण चालवणार हा प्रश्न सुटतो ते आहेच.

बोरकूट
@लेकुरवाळी, उलट तुम्हीच बसा भांड्यापाशी! घ्यावं लागतच नाही काही, सगळं नाकाचं काम आहे. आमच्या गटात एक आजी होत्या, त्या गाडी चालवणार म्हणून थेंब घेतला नाही, पण त्यांच्या नातीच्या जिनचं शेपूट नेमकं कुठे कापायचं ते त्यांनीच नुसतं हुंगून सांगितलं आणि माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात चांगली जिन त्यांचीच झाली. गाडीवाल्यांना सुरुवातीच्या पेयाऐवजी छोटी बाटली घरी देतात, ती नवरा रिचवेल. फक्त तीन तास लागतात, बाळाला कोणाकडे ठेवायचं ते बघा, आत लहान मुलांना घेत नाहीत.

लेकुरवाळी
मस्त! सासूबाई येतायत जानेवारीत, तेव्हा बुक करते. माहेरची त्रिफळा... सॉरी तिरफळं नाहीत माझ्याकडे, घाटावरची आहे मी. दगडफूल चालेल का हो?

खडूस_आत्या
दगडफूल?? घाला घाला. आणि थोडं सुकं खोबरं पण परता.

चिंचगुळ
आत्या, हसू नका, बदामसुद्धा घालतात जिनमध्ये, सफायरच्या दहात आहेत. @लेकुरवाळी, दगडफूल अगदी चिमटीभर, ते धुरासारखं वर येतं. मी पण विचार करतोय नागकेशराचा.

बोरकूट
अपडेट. काल बायकोचा भाऊ आला होता, उरलेली बाटली संपली. त्याने शोध लावला की टॉनिकऐवजी कोकम सरबत (साखरेचं नाही, आगळ, पाणी आणि मीठ) घातलं तर तिरफळ एकदम जागेवर बसतं. अर्थात बसणारच, बांगड्याच्या तिखल्यात तरी दुसरं काय असतं.

त्यामुळे वहीतला नंबर सांगून पुन्हा मागवणार आहे, तिरफळं एक ग्रॅम, ऑरिस तेवढंच, ४५ टक्के. पण बाई म्हणाल्या तिरफळं तुम्हीच पाठवा, आम्हाला इथे मिळत नाहीत. डबीत बघितलं तर सातच उरलीत. आज आईला फोन केला, म्हटलं जरा तिरफळं पाठव की कोणाबरोबर. तर म्हणाली, अरे पावशेर दिली होती मे महिन्यात, एवढे बांगडे मिळतात तुमच्याकडे?

सदा_उपाशी
मग काय सांगितलंस?

बोरकूट
मॅकरेल म्हटलं. मॅकरेल भरपूर मिळतो.